उमेदवार : खान्देशात रोजी कशी मिळत गेली

मराठीत पोटापाण्याचे जेवढे शब्द आहेत, त्यातले बरेचसे लांबचा प्रवास करून आलेले आहेत. ‘नोकर’ फारसीतून आला, पण फारसीतही तो मंगोलांकडून आलेला. मंगोल भाषेत ‘नोकोर’ म्हणजे साथीदार, सरदाराच्या सोबत असणारा माणूस. ‘पगार’ पोर्तुगिजांनी दिला. ‘हुद्दा’ आणि ‘वशिला’ मुळात अरबी. ‘रोजगार’ची गंमत वेगळीच आहे. फारसीत ‘रोजगार’ म्हणजे काळ, जमाना. आपल्याकडे येईपर्यंत त्याचा अर्थ कामधंदा झाला. ज्याला आपण रोजी म्हणतो आणि ज्याला मौलवी साहेब रिज्क म्हणतात, ते दोन्ही शब्दही एकाच जुन्या इराणी शब्दाची लेकरं आहेत, असं भाषेचे अभ्यासक सांगतात. धुळ्यात ज्यांनी शेवटचा श्वास घेतला त्या इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी जुन्या मराठी पत्रांतल्या फारसी शब्दांचा अभ्यास करून ठेवला आहे. उर्दू शाळेत मराठी शिकवणाऱ्या माझ्यासारख्या मास्तराला तो फार कामाला येतो.

या सगळ्या शब्दांत मला सर्वांत जवळचा वाटतो तो ‘उमेदवार’. आज निवडणूक आली की हा शब्द आठवतो. पण दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी उमेदवार म्हणजे कचेरीत जागा मिळेल या आशेवर बसणारा माणूस. उमेद म्हणजे आशा आणि उमेदवार म्हणजे आशा बाळगून असलेला. मामलेदाराच्या कचेरीत असे तरुण रोज हजर व्हायचे, कागदांच्या नकला करायचे, हिशेब शिकायचे. पगार नसायचा. एखादा कारकून आजारी पडला, मेला किंवा त्याची बदली झाली, की त्यांच्यातल्या कुणाची तरी वर्णी लागायची. ‘उमेदवारी करणे’ हा वाक्प्रचार तिथूनच आला. पुढे इंग्रज सरकारने परीक्षा सुरू केल्या. सातवीची ‘व्हर्नाक्युलर फायनल’ पास झालेला पोरगा मास्तर किंवा तलाठी होऊ लागला. कागदावर पद्धत बदलली, पण दारात ताटकळणं काही संपलं नाही.

माझ्या ओळखीच्या दहा माणसांना ‘तुम्ही या कामात कसे आलात’ असं विचारलं, तर नऊ जण ‘योगायोगाने’ म्हणतात. कुणी ‘नसीब’ म्हणतं, कुणी ‘अल्लाह की मर्जी’. मी त्यांच्या श्रद्धेशी वाद घालत नाही. पण इतिहासाचा वाचक म्हणून मला त्या योगायोगाच्या मागे काय होतं ते पाहावंसं वाटतं. कारण रोज माझ्यासमोर पंधरा-सोळा वर्षांची मुलं बसलेली असतात. त्यांच्यातल्या निम्म्यांची खात्री झालेली असते की काम वशिल्याने मिळतं, आणि उरलेल्यांची की ते नशिबाने मिळतं. दोन्ही बाबतींत पुस्तक उघडायची गरज उरत नाही. म्हणून आपल्याच खान्देशातल्या काही माणसांना त्यांचं काम कसं मिळालं, ते इथे मांडतो आहे.

धरणगावची पलटण

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि खान्देश इंग्रजांच्या हाती आला. त्याआधीची पंधरा-वीस वर्षं या मुलखाने फार भोगलं होतं. होळकर आणि पेशव्यांच्या फौजा येऊन गेल्या, १८०३-०४ चा दुष्काळ पडला, गावंच्या गावं ओस झाली. गावाची राखण हे भिल्लांचं जुनं काम. जागल्या म्हणून त्यांना गावाकडून ठरलेला हक्क मिळायचा. गावच उठलं तेव्हा तो हक्कही गेला. सातपुड्यात आणि अजिंठ्याच्या डोंगरात टोळ्या वाढल्या आणि इंग्रजांच्या दप्तरात भिल्ल म्हणजे दरोडेखोर अशी नोंद होऊ लागली. सुरुवातीची काही वर्षं कंपनीने बंदुकीच्या जोरावर बंदोबस्त करून पाहिला. टोळ्या डोंगरात शिरायच्या, फौज तापाने आजारी पडायची आणि पावसाळ्यानंतर पुन्हा तेच सुरू व्हायचं.

मग मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी धोरण बदललं. १८२५ मध्ये ज्यांना पकडायचं होतं त्यांचीच एक पलटण उभी करायचं ठरलं. हे काम जेम्स आउट्रम नावाच्या लेफ्टनंटकडे आलं. त्याचं वय तेव्हा बावीसच्या आसपास. आधी त्याने भिल्लांच्या ठाण्यावर छापा घातला, माणसं पकडली आणि त्या पकडलेल्यांच्याच मार्फत बाकीच्यांशी बोलणी सुरू केली. तो त्यांच्यासोबत वाघाच्या शिकारीला जायचा, त्यांच्यात बसायचा, त्यांच्या गोष्टी ऐकायचा. सुरुवातीला मोजकेच लोक आले. विश्वास बसल्यावर संख्या वाढली आणि खान्देश भिल्ल कोअर तयार झाली. तिचं मुख्य ठाणं धरणगाव. बालकवी ठोंबरे यांचं जन्मगाव म्हणून मराठी वाचकाला जे गाव माहीत आहे, तेच हे धरणगाव.

ज्याला काल पकडायला शिपाई फिरत होते, तोच आज शिपाई झाला. नोकरी मिळण्याची यापेक्षा अनपेक्षित तऱ्हा मला माहीत नाही. इंग्रजांच्या पुस्तकांत ही कथा आउट्रमच्या मोठेपणाची म्हणून सांगितली जाते. ती वाचताना मला त्या पहिल्या मोजक्या माणसांचा विचार येतो. घरी परतल्यावर त्यांच्या भावकीने त्यांना काय विचारलं असेल? कारण या नोकरीतलं काम आपल्याच माणसांवर पहारा करण्याचं होतं. दुसरीकडे उपासमार होती आणि फास होता. अशा वेळी मिळालेल्या कामाला निवड म्हणावं का, हा प्रश्न मी सोडवू शकलेलो नाही.

याच गोष्टीची दुसरी बाजू खाजा नाईक. मुंबई-आग्रा रस्ता शिरपूर सोडून सातपुडा चढतो, तो सेंधव्याचा घाट. त्या घाटाची राखण सरकारतर्फे खाजा नाईक करत असे. १८५७ चा उठाव झाला तेव्हा हाच राखणदार सरकारविरुद्ध उभा राहिला. ११ एप्रिल १८५८ रोजी आंबापाणीला त्याच्या माणसांची कंपनीच्या फौजेशी मोठी लढाई झाली. पुढे दगा होऊन तो मारला गेला. पगार देणाऱ्याला वाटलं होतं की काम दिलं म्हणजे माणूस विकत घेतला. खाजा नाईकाने तो हिशेब चुकवला.

आग्रा रोडने आलेले कारागीर

धुळ्याच्या मुख्य बाजाराच्या रस्त्याला आजही आग्रा रोड म्हणतात. खाजा नाईक ज्या रस्त्याचा घाट राखत होता, तोच हा रस्ता. १८५७ नंतर याच रस्त्याने उत्तरेकडून वेगळीच माणसं खाली उतरू लागली. आजमगढ, मऊ, बनारस, अलाहाबाद या भागातले मोमीन म्हणजे विणकर. त्यांच्या गावांवर तीन संकटं एकापाठोपाठ आली होती. लँकेशायरच्या गिरण्यांचं स्वस्त कापड बाजारात आलं होतं, उठावानंतर इंग्रजांनी त्या मुलखावर सूड उगवला होता आणि मग दुष्काळ पडला. मिळेल त्या वाटेने माणसं निघाली. कुणी बुऱ्हाणपूरला थांबलं, कुणी धुळ्याला, कुणी मालेगावला, कुणी भिवंडीपर्यंत गेलं. आज महाराष्ट्राच्या नकाशावर मुसलमान विणकरांची जी गावं दिसतात, ती बरीचशी या रस्त्याच्या कडेला आहेत. कोण कुठे थांबलं यात बैल किती थकले, पैसे कुठे संपले आणि आधी गेलेला नातेवाईक कुठे भेटला, याचा वाटा मोठा होता.

पण थांबल्यावर पुढे काय? हातात कसब होतं, ते कापड विणण्याचं. इथल्या बाजारात गिऱ्हाईक होती मराठी बाई, आणि तिला हवं होतं लुगडं. नऊवारी, ठरावीक काठाचं, ठरावीक रंगाचं. उत्तरेकडून आलेल्या विणकराने ते विणायला घेतलं. ज्या घरातल्या बायका स्वतः ते नेसत नव्हत्या, त्या घरात दिवसभर लुगड्याचा ताणाबाणा चालू लागला. कोणत्या भागात कोणता काठ चालतो, सणाला कोणता रंग खपतो, शेतात काम करणाऱ्या बाईला किती जाड सूत लागतं, हे त्यांना शिकावं लागलं आणि ते शिकले. १९३० नंतर हातमागाच्या जागी विजेचे माग येऊ लागले. पुढे साडीचा बाजार बदलला, तसं मागावरचं कापडही बदललं. गल्लीतला खडखडाट मात्र तोच राहिला.

मी याच गल्लीतला आहे. आमच्या घरी सांगतात की आमचे बुजुर्ग मऊकडून आले. अब्बा मागावर कामाला होते. घरात पूरबी वळणाची उर्दू, बाजारात अहिराणी आणि सरकारी कागदावर मराठी, अशा तीन भाषांत मी वाढलो. बी.एड. झाल्यावर एका संस्थेत मुलाखतीला गेलो, तेव्हा शिकवण्याबद्दल एक प्रश्न विचारला आणि बाकीचा वेळ ‘किती देऊ शकाल’ यावर गेला. देण्यासारखं काही नव्हतं. म्हणून मी एका मागवाल्याकडे हिशेब लिहू लागलो, आणि संध्याकाळी मोहल्ल्यातल्या लोकांचे मराठी अर्ज लिहून देऊ लागलो. रेशनकार्ड, वीजबिल, जन्माचा दाखला, सातबारा, काहीही. एकदा एका उर्दू शाळेचे सदर मुदर्रिस आपल्या भावाच्या जमिनीचा अर्ज घेऊन आले. अर्ज वाचून त्यांनी विचारलं, “मियाँ, ही मराठी कुठे शिकलात?” त्यांच्या शाळेत मराठी शिकवायला माणूस मिळत नव्हता. उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी विषय सक्तीचा, आणि उर्दूतून समजावून मराठी शिकवणारा शिक्षक दुर्मीळ. पुढच्या आठवड्यात मी तासिका तत्त्वावर रुजू झालो. मग तीन वर्षं शिक्षणसेवक आणि मग कायम. ज्या अर्जांसाठी मी पाच-दहा रुपये घेत होतो, तीच माझी खरी उमेदवारी होती, हे त्या वेळी मला कळत नव्हतं.

अमेरिकेतलं युद्ध आणि भुसावळचं जंक्शन

लँकेशायरच्या ज्या गिरण्यांनी मऊच्या विणकराचं काम घालवलं, त्यांनाच काही वर्षांनी खान्देशच्या कापसाची निकड लागली. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि इंग्लंडला जाणारा अमेरिकन कापूस थांबला. गिरणीमालकांचं लक्ष हिंदुस्थानकडे वळलं आणि कापसाचे भाव चढले. नेमकी त्याच सुमारास जी.आय.पी. रेल्वे खान्देशात पोचत होती. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि भाव कोसळले, पण रूळ जागेवर राहिले. भुसावळहून एक फाटा नागपूरकडे गेला, दुसरा खांडव्यावरून जबलपूरकडे. १८७० मध्ये मुंबई आणि कलकत्ता जबलपूरमार्गे रेल्वेने जोडले गेले.

भुसावळ तोवर लहानसं गाव होतं. जंक्शन झाल्यावर तिथे इंजिनांचं दुरुस्तीघर आलं, वसाहती उभ्या राहिल्या, आणि ज्यांच्या सात पिढ्यांनी नांगराशिवाय लोखंड पाहिलं नव्हतं ती मुलं फिटर, पॉइंट्समन, फायरमन झाली. जळगावला कापसाच्या जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आले आणि बाजारपेठ इतकी वाढली, की १९०६ मध्ये खान्देशचे दोन जिल्हे झाले तेव्हा पूर्व खान्देशचं मुख्य ठिकाण जळगाव ठरलं. जिनमध्ये सरकी वेगळी करणाऱ्या बाईला व्हर्जिनिया कुठे आहे हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. तरी तिथल्या लढाईचा एक धागा तिच्या मजुरीपर्यंत येत होता. गुलामगिरीच्या प्रश्नावर अमेरिकेची माणसं एकमेकांना मारत होती आणि त्यातून इथे रोजगाराची एक पेठ उभी राहत होती. योगायोग म्हणतात तो बहुतेक वेळा असा असतो. आपल्याला त्याचं शेवटचं टोक तेवढं दिसतं.

अमळनेरचे दोघे

अमळनेरने दोन माणसांना त्यांचं काम दिलं. दोघांचीही कथा मी वर्गात सांगतो.

पहिले साने गुरुजी. कोकणातल्या पालगडचे पांडुरंग सदाशिव साने खान्देशात आले ते शिक्षक होण्यासाठी नव्हे. गिरणीचे मालक प्रतापशेठ यांच्या पुढाकाराने १९१६ मध्ये अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं होतं. तिथे तत्त्वज्ञानाचा अभ्यास करायला हा तरुण आला. अभ्यास करता करता १९२४ मध्ये तो गावातल्या हायस्कुलात शिक्षक झाला. हीच शाळा पुढे प्रताप हायस्कूल म्हणून ओळखली गेली. वसतिगृहातल्या मुलांचं आजारपण, त्यांचे कपडे, त्यांची भांडणं, सगळं त्यांनी अंगावर घेतलं आणि मुलांसाठी ‘विद्यार्थी’ नावाचं पत्रकही काढलं. १९३० मध्ये सत्याग्रहासाठी त्यांनी नोकरी सोडली. म्हणजे पगारी शिक्षक म्हणून ते जेमतेम सहा वर्षं होते. पण ‘गुरुजी’ हे नाव त्या सहा वर्षांनी दिलं आणि ते जन्मभर राहिलं. पुढे १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा गीतेवर बोलत होते. ते शब्द लिहून घेणारा हात साने गुरुजींचा होता. ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक त्यातून झालं. तुरुंगात लेखनिकाचं काम कुणाला नेमणूकपत्र देऊन मिळत नाही. ते लिहू शकत होते आणि तिथे हजर होते, म्हणून ते काम त्यांच्याकडे आलं.

दुसरे अझीम प्रेमजी. त्यांचे वडील महंमद हाशम प्रेमजी. गुजराती मुस्लीम व्यापारी कुटुंब, पिढीजात धंदा तांदळाचा. डिसेंबर १९४५ मध्ये त्यांनी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी काढली आणि तिचा कारखाना अमळनेरला घातला. आजूबाजूला भुईमूग आणि जवळून जाणारी रेल्वे, तेलाच्या कारखान्याला दोन्ही सोयीचं. तिथे सनफ्लॉवर वनस्पती तूप आणि ७८७ नावाचा कपड्यांचा साबण तयार व्हायचा. मुलगा अमेरिकेत स्टॅनफर्डला इंजिनिअरिंग शिकत होता. ऑगस्ट १९६६ मध्ये वडील गेले. एकवीस वर्षांचा अझीम शिक्षण अर्धवट टाकून परत आला आणि तेल-साबणाच्या कंपनीचा प्रमुख झाला. पदवी त्यांनी बऱ्याच वर्षांनी पूर्ण केली. १९७७ मध्ये कंपनीचं नाव बदलून विप्रो झालं. त्याच सुमारास आयबीएमने भारतातला धंदा गुंडाळला, एक मोकळी जागा तयार झाली आणि तूप बनवणारी कंपनी काही वर्षांत संगणकाकडे वळली. जुने समभाग जपून ठेवणारी अमळनेरची काही घरं त्यातून श्रीमंत झाली, हे सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे.

मुलांना दुसरी कथा जास्त आवडते. मी त्यांना एक फरक दाखवतो. प्रेमजींना काम अचानक मिळालं, पण ज्या खुर्चीवर ते बसले ती वडिलांनी बनवून ठेवलेली होती. अर्ध्यात सोडलेलं शिक्षणही जगातल्या नामवंत विद्यापीठातलं होतं. सान्यांच्या घरी अशी खुर्ची नव्हती. घरची गरिबी त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. त्यांच्यासाठी दार उघडलं ते एका गिरणीमालकाने गावात अभ्यासाची जागा काढली होती म्हणून. आमच्या मुलांच्या वडिलांकडे कारखाने नाहीत. त्यांना उपयोगी पडणारी वाट दुसरी आहे.

याच जिल्ह्यातले भवरलाल जैन यांचंही उदाहरण इथे ठेवायला हवं. वाकोदच्या शेतकरी घरातला हा मुलगा कायदा शिकला. सरकारी अधिकाऱ्याची नोकरी हाताशी असताना त्यांनी ती घेतली नाही. १९६३ मध्ये घरच्या सात हजार रुपयांच्या भांडवलावर त्यांनी रॉकेल विकायला सुरुवात केली. १९७८ मध्ये केळीची भुकटी करणारा एक बंद कारखाना विकत घेतला आणि त्यात पपईच्या चिकापासून पपेन काढायला सुरुवात केली. पुढे पाइप, मग ठिबक सिंचन. केळीच्या भुकटीच्या बंद कारखान्यातून जळगावच्या हजारो घरांचा पगार निघेल, असं त्या वेळी कुणी म्हटलं असतं तर लोक हसले असते.

वहीतल्या रोज्या

काही वर्षांपासून मी नववीच्या मुलांना दिवाळीच्या सुट्टीत एक काम देतो. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, तुम्हाला पहिलं काम कसं मिळालं, आणि ते दहा ओळींत मराठीत लिहून आणा. निबंधाच्या वहीत जे येतं ते कुठल्याही गॅझेटियरमध्ये नाही. एका मुलाचे पणजोबा भुसावळला लग्नाला आले होते. लोको शेडमध्ये कोळसा भरायला माणसं कमी होती, चार दिवसांसाठी थांबले आणि तीस वर्षांनी निवृत्त झाले. एकीची नानी शाळेत नातवंडाच्या खिचडीत खडे आले म्हणून भांडायला गेली. मुख्याध्यापक म्हणाले, मग तुम्हीच निवडून द्या. तिला पोषण आहाराचं काम मिळालं. एकाचा बाप चुलतभावाचा पाय मोडला म्हणून एका खेपेपुरता क्लीनर होऊन सावद्याहून दिल्लीला केळीच्या ट्रकवर गेला. आज तो स्वतः ट्रक चालवतो.

या वह्या वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. जवळजवळ प्रत्येक घरी काम आलं ते दुसऱ्या माणसाच्या तोंडून. ‘माणूस पाहिजे’ असं कुणीतरी म्हणालं आणि ते ऐकणारा तिथे होता. वशिला या शब्दाचा मूळ अर्थही तेवढाच आहे, पोचण्याचं साधन. आपण त्याला पैशांचा आणि ओळखीचा वास लावला. पण लग्नाला गेलेला पाहुणा, भांडायला आलेली नानी आणि अर्ज लिहून देणारा पोरगा यांच्याकडे तरी कुठला वशिला होता?

मात्र यातून ‘कुठेही जा, काम आपोआप भेटेल’ असा सोपा अर्थ मी काढत नाही. मी ज्यांना शिकवलं त्यातली काही मुलं-मुली आज स्वतः बी.एड. आहेत. २०१२ मध्ये शिक्षकभरतीवर बंदी आली. मग टीईटी आली. २०१७ पासून पवित्र पोर्टल आणि अभियोग्यता चाचणी. परीक्षा होतात, निकाल लागतात, आणि पुढची जाहिरात कधी येईल याची वाट पाहण्यात वयाची तिशी ओलांडते. पैसे मागणाऱ्या संस्थांपेक्षा पोर्टल बरं, हे मी मनापासून म्हणतो. पण पोर्टलच्या रांगेत उभा राहणारा आणि मामलेदाराच्या कचेरीत बसणारा, दोघांनाही आपण उमेदवारच म्हणतो. दोघांत फरक एवढाच की जुना उमेदवार निदान कचेरीत बसून काम शिकत होता. आजचा घरी बसून मोबाइलवर तारीख शोधतो. त्याला कुणी नकलेलाही कागद देत नाही.

म्हणून योगायोगाच्या या गोष्टी मी जपतो. भिल्लांना काम मिळालं तेव्हा त्यांच्यापुढे दुसरं दार नव्हतं. अशी वेळ कुणावर येऊ नये. विणकरांना रस्त्याने आणलं, पण त्यांना तारलं ते शिकण्याच्या तयारीने. साने गुरुजींना अमळनेरने ठेवून घेतलं, कारण गावात तत्त्वज्ञान मंदिर, शाळा आणि वसतिगृह होतं. माणूस कुठे जाऊन पोचेल हे आपल्या हातात नाही. वाटेत अशा जागा असाव्यात, एवढं मात्र आपल्या हातात आहे. आमच्या मोहल्ल्यात मंगल कार्यालयं किती आहेत आणि वाचनालयं किती, हे मोजून पाहिलं तर उत्तर सुखावणारं नाही. वर्गणी काढून मशिदीचा रंग बदलणारी आमची माणसं तितक्याच हौसेने एक अभ्यासिका चालवू शकतात. गावातला दुकानदार सुट्टीत एका मुलाला हिशेब शिकवू शकतो. मराठी अर्ज कसा लिहायचा हे प्रत्येक उर्दू शाळेतल्या दहावीच्या मुलाला यायला हवं, आणि ते माझं काम आहे.

वाचकांना एक विनंती. तुमच्या घरात जे सर्वांत वयस्कर आहेत त्यांना विचारा, पहिली रोजी कशी मिळाली, कुणी सांगितलं होतं, पहिल्या दिवशी काय काम दिलं, किती पैसे मिळाले. वर्ष आठवत नसेल तर त्या साली पाऊस कसा होता ते विचारा, त्यावरून वर्ष काढता येतं. जे सांगतील ते लिहून ठेवा. पुढच्या महिन्यात मी नववीच्या वह्यांतले काही उतारे, मुलांची नावं वगळून, इथे देणार आहे. त्यांच्यासोबत तुमच्या घरच्या गोष्टीही असाव्यात असं मला वाटतं.